तेरावी पायरी नसल्याचा खुलासा

शिड्यांच्या कारखान्याच्या वेबसाइटवर त्या दिवशी नऊ माणसं आली होती. त्यांतली चार भिंगरी स्वतः होती. एकदा कारखान्यातल्या संगणकावरून, एकदा स्वतःच्या मोबाइलवरून, एकदा काकूच्या मोबाइलवरून, आणि एकदा पुन्हा संगणकावरूनच, पण वेगळ्या ब्राउझरमधून, म्हणजे तिला कोणी ओळखू नये. पाचवे मिस्त्री. ते रोज जेवणाच्या सुट्टीत ‘आमचे कारागीर’ हे पान उघडून स्वतःचा फोटो बघत आणि केस नीट आहेत याची खात्री पटली की बंद करत. सहावा ते नववा कोण, हे देवाला ठाऊक. भिंगरीचा जीव त्या चौघांत अडकला होता.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नाही. ती पाळण्यात असतानाच काकांनी ते ठेवलं होतं, कारण तिला निजवून वळावं तर ती दुसऱ्या टोकाला पोचलेली असे. मोठी झाल्यावर पाळणा गेला, स्वभाव तोच राहिला. शिक्षण संपल्यावर ती काकांकडे राहायला आली आणि म्हणाली, “काका, तुमच्या शिड्यांना वेबसाइट नाही.” काका “बरं” म्हणाले. डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितल्यावर माणूस ज्या उत्साहाने “आ” करतो, तितक्याच उत्साहाने.

त्याला आता सहा महिने होत आले होते आणि काकांचा धीर संपला होता.

“तीस तारखेपर्यंत,” ते म्हणाले, “एका दिवसात हजार माणसं आली पाहिजेत. आली, तर हे टेबल तुझं आणि तू इथे. नाही आली, तर वेबसाइट बंद, टेबलावर बिजागऱ्यांची खोकी, आणि तू तुझ्या मामाच्या ऑफिसात.”

मामाचं विम्याचं ऑफिस होतं. त्याला फायली लावायला माणूस हवं होतं, आणि त्याने स्पष्ट कळवलं होतं की शांत स्वभावाचं हवं.

“हजारच का, काका?”

“गोल आकडा आहे.”

त्या दिवसापासून भिंगरीला खुर्ची टोचू लागली. ती टेबलापासून फाटकापर्यंत जायची, फाटकाबाहेर हजार माणसं उभी नाहीत हे बघायची आणि परत येऊन आकडा बघायची. मिस्त्री ड्रिल थांबवून म्हणायचे, “मॅडम, तुमच्या चपलेने आमची फरशी झिजली. ती पण टाका वेबसाइटवर.”

कुठेतरी तिच्या वाचनात आलं की प्रसिद्धिपत्रक काढावं. वर्तमानपत्रं आणि बातम्यांच्या वेबसाइटी ते छापतात, खाली आपल्या पत्त्याची लिंक देतात, आणि लोक त्या लिंकवरून आपल्याकडे येतात. तिने त्याच दिवशी पत्रक लिहिलं. ‘बारा फुटी, तेरा पायऱ्यांची, घडीची नवी शिडी ग्राहकांच्या सेवेत दाखल.’ काकांच्या तोंडी एक वाक्यही घातलं: ‘प्रत्येक घराला उंची मिळावी हे आमचे स्वप्न आहे.’ काकांनी ते दोनदा वाचलं.

“हे मी कधी म्हणालो?”

“म्हणाला नाहीत. पण पत्रकात म्हणतात.”

“मला स्वप्नं पडत नाहीत,” काका म्हणाले आणि सही केली.

तिने ते एकेचाळीस संपादकांना पाठवलं. यादी इंटरनेटवर मिळाली तशी उचलली होती. प्रत्येकाला ‘आपल्या लोकप्रिय दैनिकात’ अशी विनंती केली होती, आणि त्यात दंतवैद्यांचं एक मासिकही होतं. उत्तर फक्त त्यांचंच आलं. ‘पत्रक मिळाले. शिडीचा दातांशी असलेला संबंध स्पष्ट करून पुन्हा पाठवावे.’ भिंगरीने अर्धा दिवस त्यावर खरंच विचार केला.

मग तिने एका बातम्यांच्या वेबसाइटच्या उपसंपादकाला फोन लावला.

“ताई, मिळालं तुमचं,” तो म्हणाला. मागे दहा कीबोर्ड एकदम चालल्यासारखा आवाज येत होता. “पण यात घडलंय काय?”

“नवीन शिडी आलीय.”

“बरोबर. पण शिडी येणारच ना. तुम्ही शिड्याच बनवता. तुमच्याकडे हत्ती आला असता तर मी माणूस पाठवला असता.”

“हत्ती नाही आमच्याकडे.”

“तेच म्हणतोय मी.”

तरीही त्याने दयाबुद्धीने ते पत्रक वेबसाइटच्या तळाशी टाकलं, आणि मिस्त्रींनी ते वाचलं. जेवणाच्या सुट्टीत ते डबा तसाच ठेवून काकांकडे गेले.

“साहेब, बारा फुटीला तेरा पायऱ्या कुठून आल्या? बाराच आहेत.”

भिंगरी शिडीजवळ गेली आणि बोट लावून मोजू लागली. बारा आणि वरची एक.

“ती पायरी नाही, मॅडम,” मिस्त्री म्हणाले. “ती टोपी. तिच्यावर लिहिलंय काय?”

लिहिलं होतं: येथे उभे राहू नये.

“एकच तर जास्त लिहिलीय,” भिंगरी म्हणाली. “आणि वाचलंय कोणी? तुम्ही.”

पण काकांचा चेहरा उतरला होता. “उद्या कोणी शिडी घेईल, बारा पायऱ्या चढेल आणि म्हणेल, तेरावी कुठंय. आणि जाईल टोपीवर. आत्ताच्या आत्ता खुलासा पाठव.”

तिने कपाळाला आठ्या घालून एक ओळ लिहिली. ‘आमच्या शिडीला तेरावी पायरी असल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले आहे. ते चुकीचे असून अशी कोणतीही पायरी अस्तित्वात नाही.’ एकेचाळीस जणांना पाठवली. दंतवैद्यांनाही, कारण आता त्यांच्याशी ओळख झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मागच्या चोवीस तासांचा आकडा बघितला. दोनशे बारा.

ती उठली, फाटकापर्यंत गेली, परत आली. दोनशे तीस. उपसंपादकाने खुलासा थेट वर, मोठ्या अक्षरांत लावला होता: ‘“ती” पायरी नाहीच, शिडी कंपनीचा दावा. नेमकं काय लपवलं जातंय?’ खाली तिच्या वेबसाइटची लिंक होती आणि लोक त्या लिंकवरून येऊन शिडीचा फोटो मोठा करकरून पायऱ्या मोजत होते. कोणीतरी लिहिलं होतं की मला तर चौदा दिसतात.

भिंगरीला त्या सकाळी एक गोष्ट लख्ख कळली. बातमी कोणी वाचत नाही. खुलासा सगळे वाचतात. कंपनी म्हणाली की आमची शिडी चांगली आहे, तर लोक जांभई देतात. तीच कंपनी म्हणाली की आमच्या शिडीत काहीही गडबड नाही, तर लोक जेवण सोडून बघायला येतात.

आता खुलासा करायला आधी अफवा हवी, हा प्रश्न होता. भिंगरीने तो पाच मिनिटांत निकालात काढला. अफवा कोणी उठवली नाही, हा काही आपला दोष नाही. आपण फक्त खरं ते सांगायचं.

पुढच्या आठवड्यात तिने खुलासा केला की आमच्या शिड्या बंद खोलीत आपोआप उघडत नाहीत. चारशे तीस. मग खुलासा केला की आमच्या शिडीखालून गेल्यामुळे आजवर कोणाचीही नोकरी गेलेली नाही. सहाशे दहा, वर कारखान्यात एका गृहस्थांचा फोन.

“माझी नोकरी गेली आहे,” ते म्हणाले.

“आमच्या शिडीखालून गेला होता का?” भिंगरीने विचारलं.

“तेच आठवत नाहीये. तुमच्या शिड्या कोणत्या रंगाच्या असतात?”

मिस्त्री आता सुट्टीत स्वतःचा फोटो बघायचं विसरून आकडा विचारू लागले. काकांना यातलं काही सांगायची गरज तिला वाटली नाही. त्यांनी एका खुलाशाची आज्ञा दिली होती, ती तिने सगळ्या खुलाशांना लागू केली. आणि एक अक्षरही खोटं नव्हतं, हे ती स्वतःला इतक्यांदा सांगत होती की मधूनच मोठ्याने बोलून जाई.

पण सहाशे म्हणजे हजार नव्हेत. तारीख चोवीस झाली. तिला झोपेत आकडे दिसत, जागेपणी नखं कुरतडली जात, आणि चहाचा कप ती कुठे ठेवून आली हे शोधण्यात कारखान्याचा एक माणूस कायमचा गुंतला होता. याहून विचित्र काय असू शकतं, शिडीवाल्यांबद्दल कोणाच्या मनातही येणार नाही असं काय, याचा विचार करत ती फाटकाच्या तीन फेऱ्या मारून आली आणि बसली नाही. उभ्यानेच टाइप केलं.

‘आमच्या कंपनीच्या मालकांना उंचीची भीती वाटते अशी चर्चा काही ठिकाणी सुरू आहे. ती निराधार आहे.’

नऊशे चाळीस.

ती उड्या मारायच्या बेतात होती तेवढ्यात काका केबिनमधून बाहेर आले. हातात मोबाइल होता. ते तिच्याकडे बघतील असं तिला वाटलं, पण त्यांनी बघितलं नाही. ते मागच्या खोलीत गेले आणि तासभर रबराचे बूट मोजत बसले. शिडीच्या पायांना घालायचे ते बूट. काल संध्याकाळीच मोजून, चिठ्ठी लावून ठेवलेले.

घरी आली तेव्हा काकू स्टुलावर चढून माळ्यावरची पातेली काढत होती.

“काका का गप्प आहेत?” भिंगरीने विचारलं. “एवढं काय लिहिलं मी?”

काकूने एक पातेलं तिच्या हातात दिलं. मग दुसरं.

“एकतीस वर्षं झाली माझ्या लग्नाला,” काकू म्हणाली. “या घरातला बल्ब कोण बदलतं?”

“तू.”

“पंखा कोण पुसतं?”

“तू.”

“आणि हे घर कुणाचं? शिडीवाल्याचं. कळलं का आता?”

भिंगरीच्या हातात पातेली तशीच राहिली. तिच्या डोळ्यांपुढे सहा महिने भराभर गेले. नवी शिडी तयार झाली की मिस्त्री चढत, काका खालून बघत. ते बघतात म्हणजे तपासतात, अशी तिची समजूत होती. तपासतही असत. पण गुडघे किंचित वाकवून, एक हात भिंतीला लावून.

“कोणाकोणाला माहीत आहे?”

“मला. मिस्त्रीला असेल, पण तो बोलायचा नाही. आणि आता,” काकूने स्टुलावरून उतरत विचारलं, “आकडा किती म्हणालीस?”

“नऊशे चाळीस.”

“त्या सगळ्यांना.”

सगळ्या खुलाशांत हा एकच खोटा निघावा, याला काय म्हणावं. भिंगरी त्या संध्याकाळी घरातल्या घरात इतकी चालली की काकूने शेवटी तिच्या हातात केर काढायचा झाडू दिला, चालतेच आहेस तर म्हणून.

सकाळी उपसंपादकाचा फोन. त्याच्याकडे हत्ती आल्यासारखा आवाज होता.

“ताई, जमलं बघा. तीस तारखेला मी स्वतः येतो. मालक शिडीच्या वरपर्यंत चढतील, आम्ही थेट दाखवू. खाली तुमची लिंक. हजार काय, पाच हजार येतील.”

पाच हजार. मामाची फायलींची कपाटं तिच्या डोळ्यांसमोरून मागे मागे सरकत गेली आणि दिसेनाशी झाली. तिने डोळे मिटून घेतले.

“नको,” ती म्हणाली. “मालकांना सर्दी झालीय.”

“सर्दीने काय होतं?”

“वर गेल्यावर वाढते.”

तासाभरात वेबसाइटवर मथळा आला: ‘शिडी कंपनीच्या मालकांची माघार? सर्दीचं कारण पुढे.’ आकडा नऊशे सत्तर. भिंगरीला पहिल्यांदाच तो वाढू नये असं वाटलं. तिने पान बंद केलं, पुन्हा उघडलं. नऊशे ब्याऐंशी. ती उठून काकांच्या केबिनमध्ये गेली.

“काका, मी सगळं मागे घेते. लिहिते की चर्चा नव्हतीच, मीच उठवली. वेबसाइट बंद करा. मी जाते मामाकडे.”

काका पान न उलटता वर्तमानपत्र वाचत होते. “माघार कोणी लिहिलं?”

“त्याने.”

“सर्दी कोणी सांगितली?”

“मी.”

“मला गेल्या चार वर्षांत सर्दी झालेली नाही,” काका म्हणाले. त्यांनी मोबाइल उचलला, उपसंपादकाला लावला आणि त्याला तीस तारखेची दुपारची चारची वेळ दिली. मग भिंगरीला म्हणाले, “हजार म्हणालो होतो. नऊशे ब्याऐंशी म्हणजे हजार नाहीत. मोजणीत सूट नाही.”

पुढचे दिवस कारखान्यात कोणी मोठ्याने बोललं नाही. कामगार घरी गेल्यावर काका एकटेच मागे राहत. एकदा भिंगरी छत्री विसरली म्हणून परतली, तर ते बारा फुटी शिडीच्या दुसऱ्या पायरीवर उभे होते. दोन्ही हातांची बोटं पांढरी पडली होती.

“रिव्हेट बघतोय,” काका समोर बघत म्हणाले.

“बघा,” भिंगरी म्हणाली आणि छत्री न घेताच गेली.

तीस तारखेला चार वाजता उपसंपादक आला. आवाजावरून दांडगा वाटला होता, प्रत्यक्षात किडकिडीत निघाला. त्याने तिपाईवर मोबाइल लावला आणि काकांना सांगितलं, “वर पोचल्यावर हात हलवायचा. बाकी काही नाही.”

“टोपीवर उभं राहत नाहीत,” काका म्हणाले.

“मग बाराव्या पायरीवरून हलवा.”

शिडी अंगणाच्या मधोमध उभी होती. मिस्त्री एका बाजूला, भिंगरी दुसऱ्या बाजूला. काकांनी शर्टाच्या बाह्या खाली करून बटणं लावली, जशी काही वर थंडी असणार होती, आणि पाय उचलला.

पहिली पायरी. दुसरी. तिसरी.

काका थांबले.

कामगार थांबले. रस्त्यावरून जाणारा कोणीतरी फाटकाशी थांबला. उपसंपादक मोबाइलमध्ये बघून हळू आवाजात म्हणाला, “लोक विचारतायत, चौथी पायरी मोडलीय का?”

“पायरी मजबूत आहे,” काका म्हणाले. “लिहा तसं. माणूस थांबलाय.”

“का थांबलाय, विचारतायत.”

मिनिट गेलं असेल. भिंगरीचं एक मन म्हणत होतं, मोबाइल झाकावा. पण दोन्ही हात शिडीला होते, आणि शिडीतून तिला काकांची थरथर जाणवत होती, बारीक, लांबून ट्रक जावा तशी.

“हा बूट बघा,” काका एकदम म्हणाले. सगळ्यांनी खाली बघितलं. “बाजारात याच्या निम्म्या रुंदीचा मिळतो. मी हा मुद्दाम करून घेतो. मिस्त्री भांडला होता माझ्याशी.”

“भांडलो होतो,” मिस्त्री म्हणाले. “उगाच रबर जातं.”

“आणि ही दांडी. गुडघ्याला टेकते. ही कोणी लावत नाही. लोकांना लागत नाही. मला लागते.” त्यांनी हात न सोडता हनुवटीने पायरी दाखवली. “पायरी मी बोटभर जास्त रुंद धरतो. कारण तिसरीवर आलं की मला पाय कुठे आहे ते कळत नाही. खूप वर्षं झाली. आता नाही कळणार.”

उपसंपादकाने हातवारे करून सांगितलं की चालू द्या, चालू द्या. काकांना आता बोलणं थांबवता येत नव्हतं, कारण थांबलं की ते कुठे उभे आहेत हे त्यांना आठवे. त्यांनी बिजागरीविषयी सांगितलं, चार वेळा घट्ट करायच्या स्क्रूविषयी सांगितलं, शिडी भिंतीला किती तिरकी लावावी ते सांगितलं. मध्ये केबिनमधला फोन वाजला. एक कामगार तो लांब तारेसकट अंगणात घेऊन आला, आणि काकांनी तिसऱ्या पायरीवरून, रिसीव्हर त्याने कानाला धरलेला असताना, सहा शिड्यांची ऑर्डर घेतली. “रुंद बुटाच्याच ना? त्याच बनवतो आम्ही,” ते म्हणाले.

वीस मिनिटांनी उपसंपादक तिपाई गुंडाळू लागला. त्याला दुसरीकडे एका विहिरीत मांजर पडल्याचं कळलं होतं. “छान झालं,” तो म्हणाला. “फक्त हात हलवायचा राहिला.”

“हात सुटत नाही,” काका म्हणाले.

तो गेला. फाटकाशी थांबलेला माणूसही गेला. काका तिथेच होते.

“उतरायचं का साहेब?” मिस्त्रींनी विचारलं.

“उतरायचंच आहे.”

“मी पाय धरतो. तुम्ही फक्त सोडा.”

“सोडता आलं असतं तर तुझं काय काम होतं?”

मिस्त्रींनी काकांचा उजवा घोटा धरला आणि ओढून बघितला. पाय हलला नाही. भिंगरीने आपल्या बाजूचे दोन्ही खांब छातीशी घट्ट धरले होते. खिशात मोबाइल थरथरत होता, थांबत होता, पुन्हा थरथरत होता. सहा महिन्यांत कधी नाही ते तिचे दोन्ही हात एका जागी होते. नाकाला खाज सुटली होती, तीही तिने तशीच राहू दिली.

“भिंगरे,” काका वरून म्हणाले. मान वळवायची सोय नव्हती, म्हणून ते समोरच्या पत्र्याशी बोलत होते. “किती झाले?”

“बघितलं नाही.”

“बघ की.”

“हात मोकळे नाहीत.”

मिस्त्रींनी दुसरा घोटा धरला. पहिला पाय अर्धा इंच सरकला आणि पुन्हा थांबला.

“तुझ्या मामाला फोन कर,” काका म्हणाले. “त्याला सांग, दुसरं माणूस बघ. ही यायची नाही.”

भिंगरीचा एक हात आपसूक खिशाकडे निघाला. शिडी किंचित कुरकुरली.

“आत्ता नको,” काका म्हणाले. “आत्ता धर.”